आर्सचे धर्मगुरु : संत जॉन मारिया व्हियानी



या महोत्सवी पुस्तिकेंत आपल्या देवळाच्या बांधणीचा, त्यासाठीं ज्यांनीं घाम गाळला व पदरचा पैका खर्चिला त्यांचा, आणि आमच्यापूर्वीं येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतरांनीं दिलाच आहे. आमच्या वांट्यास जीं चार पानें आलीं, त्यांत आपल्या धर्मग्रामाविषयीं न लिहितां एका दूरच्या व अगदीं लहानशा धर्मग्रामाविषयीं लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्या गांवाचें नांव आर्स. तेथें जे धर्मगुरु ४१ वर्षें राहिले, त्यांस पवित्र ख्रिस्तसभेनें जगांतील सर्व प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून नेमिलें आहे. महोत्सव म्हणजे हिशेबाचा दिवस. आणि धर्मग्राम कशानें घडतो याचा हिशेब पाहावयाचा, तर आर्सची वही उघडावी असें आम्हांस वाटतें.

कांहीं वर्षांमागें आम्हांस फ्रान्स देशीं जाण्याचा योग आला. लिऑन शहरीं मुक्काम असतां एक दिवस मोकळा सांपडला. सकाळची मिस्सा करून आम्ही आगगाडींत बसलों, व्हिलफ्रांश येथें उतरलों, आणि सोन नदी ओलांडून मोटारीनें आर्सला पोहोंचलों. सभोंवार शेतें, मध्यें थोडीं घरें, आणि घरांच्या मानानें फारच मोठें असें देऊळ. जवळ जातां कळून आलें कीं, तीं दोन देवळें आहेत : एक जुनें, गांवापुरतें, बुटकें, आणि त्याच्या पाठीस लावून संताच्या मरणानंतर उभारलेलें भव्य मंदिर. शेजारीं धर्मगुरूंचें राहतें घर जसेंच्या तसें राखिलेलें आहे. हें सर्व पाहून संध्याकाळीं लिऑनला परत येतां येतें. यात्रा एका दिवसाची आहे.

परंतु सुमारें पावणेदोनशें वर्षांपूर्वीं येथें येणारास एक दिवस पुरत नसे. लिऑनच्या स्टेशनांत आर्सच्या यात्रेकरूंसाठीं तिकिटांची निराळी खिडकी उघडावी लागली होती, आणि तें तिकीट आठ दिवस चालत असे. कारण त्या लहानशा देवळांत एका वृद्ध धर्मगुरूपुढें पापनिवेदन करण्याची पाळी येण्यास कित्येकदां तितके दिवस लागत. आणि नवल हें कीं, ज्यांच्यासाठीं हजारों लोक आर्सला येत, ते स्वतः मात्र आर्समधून निघून जाण्यासाठीं तळमळत होते. त्यांचें चरित्र थोडक्यांत सांगतों, म्हणजे या कोड्याचा उलगडा होईल.

जॉन मारिया व्हियानी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजीं लिऑनजवळील दार्दिली गांवीं एका शेतकरी कुटुंबांत झाला. पित्याचें नांव मात्यू, मातेचें मारी. सहा भावंडांत हा मुलगा चौथा. घरीं श्रीमंती नव्हती, तरी दारीं आलेल्या भिकाऱ्यास तेथें जेवण व निजावयास जागा मिळत असे. जॉन तीन वर्षांचा असतां, १७८९ मध्यें, फ्रान्सांत राज्यक्रांति झाली. पुढें जे धर्मगुरु नव्या सरकारची शपथ घेईनात, त्यांच्या मागें शिपाई लागले. देवळें बंद झालीं, घंटा मुक्या झाल्या. अशा दिवसांत हें कुटुंब रात्रीं अंधारांतून दूरच्या शेतघरांकडे चालत जाई. तेथें लपून राहिलेले धर्मगुरु मिस्सा करीत. १७९९ सालीं तेरा वर्षांच्या जॉननें एक्युली येथें एका घरांत पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला, तेव्हां आंतील मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसूं नये म्हणून खिडक्यांपुढें गवतानें भरलेल्या गाड्या उभ्या केल्या होत्या. एका मिस्सेसाठीं मनुष्य जिवावर उदार होतो, हें त्या मुलानें डोळ्यांनीं पाहिलें. आपणहि धर्मगुरु व्हावें ही इच्छा त्याच्या मनांत तेव्हांपासून रुजली.

परंतु इच्छा निराळी व विद्या निराळी. लहानपणीं शाळा नव्हती. हातीं होता तो नांगर व कुदळ. वयाच्या विसाव्या वर्षीं जॉनला एक्युलीचे धर्मगुरु फादर बाले यांनीं आपल्या घरगुती शाळेंत घेतलें. सोबतचीं मुलें वयानें किती तरी लहान. तीं लॅटिनचे धडे भराभर म्हणत, आणि हा शेतांत वाढलेला तरुण तेथेंच अडखळून बसे. आम्ही सेमिनरींत शिकलेले लोक ती लाज जाणतों. वर्गांत लॅटिन व्याकरणाचें पुस्तक उघडतांच ज्याच्या कपाळीं घाम आला नाहीं, असा विद्यार्थी विरळा. निराश होऊन जॉन १८०६ मध्यें संत जॉन फ्रान्सिस रेजिस यांच्या समाधीच्या दर्शनास ला लुव्हेस्क येथें पायीं गेला, वाटेनें भीक मागून जेवला. त्यामुळें लॅटिन सोपें झालें असें नाहीं. मात्र पुस्तक टाकून घरीं परतण्याचा विचार मागें पडला.

तोंच दुसरें संकट आलें. १८०९ मध्यें नेपोलियनच्या सैन्यांत भरतीचा हुकूम सुटला व स्पेनच्या लढाईवर जाण्याची पाळी आली. जॉन वाटेंत आजारी पडला, तुकडी पुढें निघून गेली, आणि मागून जातांना भेटलेल्या एका फरारी तरुणाबरोबर तो ले नोए या डोंगरी खेड्यांत जाऊन राहिला. नांव बदलून, एका विधवेच्या आश्रयास राहून, दिवसां काम करून व गांवच्या मुलांस शिकवून त्यानें सुमारें चौदा महिने काढले. शिपाई झडतीस आले म्हणजे गवताच्या गंजींत लपावें लागे. सरकारी दृष्टीनें तो सैन्यांतून पळालेला इसम होता. चरित्रकारांनीं ही गोष्ट झांकिली नाहीं, आम्हीहि झांकीत नाहीं. १८१० मध्यें बादशहाच्या लग्नानिमित्त सर्वांस माफी मिळाली, व धाकट्या भावानें त्याच्या जागीं सैन्यांत नांव दिलें, तेव्हां जॉन घरीं आला. त्यानंतर लवकरच त्याची आई वारली.

पुढें लिऑनच्या सेमिनरींत तीच लॅटिनची अडचण. परीक्षकांचे प्रश्न त्यास समजेनात, उत्तरें सुचेनात; घरीं परत पाठविण्यांत आलें. परंतु फादर बाले यांनीं आशा सोडिली नाहीं. ते अधिकाऱ्यांकडे गेले, रदबदली केली, परीक्षा फ्रेंच भाषेंत घेवविली. विद्येंत उणा पण भक्तींत पुरा, असा उमेदवार घ्यावा कीं न घ्यावा, हा प्रश्न वरिष्ठांपुढें होता. त्यांनीं भक्तीच्या बाजूस कौल दिला. १३ ऑगस्ट १८१५ रोजीं ग्रेनोबल येथें जॉन व्हियानी यांस गुरुदीक्षा मिळाली. त्यांचें वय तेव्हां २९ वर्षांचें होतें. लिऑनपासून ग्रेनोबलपर्यंतचा रस्ता ते एकटेच पायीं चालून गेले होते. पहिलीं अडीच वर्षें त्यांनीं एक्युलीस आपल्या गुरूंच्याच हाताखालीं काढलीं. १८१७ मध्यें फादर बाले शिष्याच्या देखत वारले, आणि पुढल्या फेब्रुवारींत फादर व्हियानी यांची नेमणूक आर्सला झाली.

आर्स म्हणजे सुमारें २३० माणसांची वस्ती. आपल्याकडील एखादी वाडीहि याहून मोठी असते. तो स्वतंत्र धर्मग्राम देखील नव्हता. तो मान त्यास १८२१ मध्यें मिळाला. गांवांत दारूचे गुत्ते चार. रविवारीं देवळापेक्षां शेतांत माणसें अधिक. लोक दुष्ट नव्हते, पण क्रांतीच्या काळांत धर्मशिक्षण बुडाल्यामुळें त्यांस धर्माची सवयच राहिली नव्हती. नव्या फादरांनीं आल्याबरोबर घरांतील उंची सामान गांवच्या जमीनदारीणबाईंस परत पाठविलें. पहांटेच्या पुष्कळ आधीं ते कंदील घेऊन देवळांत जात, व साक्रामेंतापुढें गुडघे टेकून आपल्या लोकांसाठीं प्रार्थना करीत. अन्न म्हणजे बहुधा उकडलेले बटाटे, तेहि आठवड्याचे एकदमच शिजविलेले. त्यांचें तें स्वयंपाकघर व तें भांडें आम्हीं पाहिलें.

त्यांनीं घरोघरीं फिरून माणसांची ओळख केली, मुलांस धर्म शिकविला, आणि व्यासपीठावरून दारू, शिवीगाळ, रविवारचें काम व नाचतमाशे यांवर कोरडे ओढले. या बाबतींत ते प्रारंभीं फारच कडक होते. नाचास जाणाऱ्या तरुणतरुणींस ते वर्ष वर्ष पापक्षमा देत नसत. ही कठोरता आम्हीं अनुकरणीय म्हणावी असें नव्हे. उत्तरायुष्यांत तेच फार मृदु झाले, व लहानसें प्रायश्चित्त सांगून राहिलेलें आपण स्वतः करूं लागले. गुत्ते हळूहळू बंद पडले. पण त्याआधीं त्यांस पुष्कळ सोसावें लागलें. त्यांच्या शीलावर घाणेरडा आळ घेण्यांत आला. रात्रीं त्यांच्या दाराशीं येऊन लोक शिव्या देऊन जात. शेजारच्या धर्मगुरूंनींहि त्यांच्या अज्ञानाविषयीं बिशपांकडे तक्रारीचा अर्ज फिरविला. तो कागद चुकून त्यांच्याच हातीं आला, तेव्हां त्यांनीं त्यावर आपलीहि सही केली व पुढें धाडून दिला. अर्जांतील मजकूर त्यांस खराच वाटत होता. बिशप देव्ही यांनीं चौकशी करविली, आणि त्यांस आर्समध्येंच ठेविलें.

१८२० मध्यें त्यांची बदली दुसऱ्या गांवीं ठरली होती. सामान गाडींत भरून सोन नदीपर्यंत गेलें. नदीस पूर आलेला, नाव जाईना. तेवढ्या अवधींत गांवकऱ्यांनीं लिऑनला जाऊन आमचे फादर आम्हांस ठेवा अशी विनंति केली, व ती मान्य झाली. दोन वर्षांपूर्वीं ज्यांस देवळाची वाट ठाऊक नव्हती, त्यांनींच धर्मगुरूसाठीं ही धांवपळ केली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१८२४ मध्यें त्यांनीं गांवांतील मुलींसाठीं फी न घेतां चालणारी शाळा काढली. तिचें नांव प्रॉव्हिडन्स, म्हणजे ईश्वरी तरतूद. गांवांतल्याच कॅथरीन लासान्य व बेनॉइत लार्दे या दोन साध्या मुलींस शिकवून तयार करून त्यांच्या हातीं ती सोंपविली. पुढें तेथें अनाथ मुलीहि राहूं लागल्या. एकदां कोठारांतील धान्य संपलें असतां प्रार्थनेनंतर तें भरलेलें आढळलें, असें त्या घरांतील मंडळी शेवटपर्यंत सांगत. याच घरांत ते रोज मुलींस धर्मशिक्षण देत; तें ऐकण्यास परगांवचे लोक येऊं लागले, तेव्हां ते वर्ग देवळांत रोज सकाळीं ११ वाजतां भरूं लागले. त्यांत विद्वत्तेचा आव नसे. दाणे, पाखरें, आई व लेंकरूं, अशा ओळखीच्या दाखल्यांनीं ते बोलत. १८४५ मध्यें फ्रान्सचे नामांकित वक्ते फादर लाकोर्देर हे त्यांचें प्रवचन ऐकण्यास आले होते. लॅटिनमध्यें नापास झालेल्या धर्मगुरूपुढें पॅरिस गाजविणारा वक्ता श्रोता होऊन बसला.

यात्रेकरूंची रीघ १८३० च्या सुमारास वाढली, व शेवटच्या वर्षांत ती दरसाल साठ हजारांच्या वर गेली. फादर व्हियानी मध्यरात्रीनंतर एकदोन वाजतां देवळांत येत. स्त्रियांचीं पापनिवेदनें एका बाजूच्या चॅपलमध्यें, पुरुषांचीं सॅक्रिस्टींत. हिवाळ्यांत दिवसाचे अकरा बारा तास, उन्हाळ्यांत सोळा तासांपर्यंत ते त्या अरुंद लांकडी आसनावर बसत. थंडीनें पाय बधिर होत; उन्हाळ्यांत कोंदट हवेनें जीव घाबरा होई. बहुतेक माणसें त्यांच्यापुढें फार तर कांहीं मिनिटें असत, पण तेवढ्यांत वर्षानुवर्षें दडवून ठेविलेलें पाप तोंडावाटे बाहेर पडे. रात्रीं विश्रांति घ्यावी, तर घरांत चमत्कारिक आवाज होत. हा सैतानाचा उपद्रव आहे असें ते मानीत, व तो पुष्कळ वर्षें चालला होता.

आतां आम्ही त्या कोड्याकडे येतों. अशा या पुरुषास आपण धर्मगुरूच्या पदास नालायक आहों, अशी खात्री होती. हजारों जिवांचा जाब ईश्वरापुढें आपणांस द्यावा लागेल, या विचारानें त्यांची झोंप उडे. एखाद्या मठांत जाऊन आपल्या पापांसाठीं रडत बसावें, एवढीच त्यांची मागणी होती. बिशपांनीं ती प्रत्येक वेळीं नाकारली. १८४० मध्यें एका रात्रीं ते गुपचूप निघाले, कांहीं अंतर गेले, आणि मन खाऊं लागल्यामुळें परत फिरले. १८४३ च्या मे महिन्यांत ते मरणाच्या दारांतून वांचले, व सप्टेंबरांत पायीं दार्दिलीस आपल्या भावाच्या घरीं गेले. चार दिवसांत यात्रेकरू तेथेंहि येऊन धडकले. बिशपांनीं दुसऱ्या एका चॅपलची जागा देऊं केली होती. तेथें जाऊन त्यांनीं मिस्सा केली, प्रार्थना केली, आणि आर्सलाच परत जाण्याचें ठरविलें. गांवांत घंटा वाजल्या, मळणी टाकून माणसें धांवत आलीं.

तिसरी वेळ १८५३ ची, सप्टेंबरच्या आरंभींची. वय ६७. रात्रीं बारा वाजण्याच्या सुमारास ते कंदील घेऊन बाहेर पडले. पण ही वार्ता फुटली होती. संकटाची घंटा झाली, गांव जागा झाला, यात्रेकरूंनीं वाट अडविली. त्यांच्या सहायक धर्मगुरूंनीं त्यांच्या हातांतील प्रार्थनापुस्तक काढून घेतलें, कां तर तें आणण्यासाठीं तरी त्यांनीं मागें वळावें. गर्दींतून आमचें पापनिवेदन तरी ऐकून जा असा आक्रोश झाला. ते देवळांत शिरले, पांढरा झगा व गळपट्टा घालून आसनावर बसले, आणि पापनिवेदनें ऐकूं लागले. त्यानंतर ते पुन्हां कधीं निघाले नाहींत.

मान मिळाले, पण त्यांचा त्यांस उपयोग नव्हता. १८५२ मध्यें बिशपांनीं त्यांस मानाची वस्त्रें दिलीं. तीं त्यांनीं ५० फ्रँकांस विकून पैसे गरिबांसाठीं लाविले. १८५५ मध्यें बादशहा तिसरा नेपोलियन याच्या सरकारनें लीजन ऑफ ऑनर हें पदक दिलें. तें त्यांनीं कधीं अंगावर घातलें नाहीं. ज्या मनुष्यास पहिल्या नेपोलियनचे शिपाई धुंडीत होते, त्यालाच दुसऱ्या नेपोलियनी दरबारानें गौरविलें, ही काळाची गंमत होय. १८५९ च्या जुलईंत भयंकर उकाडा होता. २९ जुलईपर्यंत त्यांनीं पापनिवेदनें ऐकिलीं, मग अंथरूण धरिलें, आणि ४ ऑगस्टच्या पहांटे दोन वाजतां शांतपणें प्राण सोडिला. १९०५ मध्यें दहावे पायस पोप यांनीं त्यांस धन्यवादित ठरविलें, ३१ मे १९२५ रोजीं अकरावे पायस पोप यांनीं संत म्हणून जाहीर केलें, व १९२९ मध्यें सर्व जगांतील प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते नेमिलें. पोप दुसरे जॉन पॉल हे १९८६ मध्यें आर्सला जाऊन आले. संतांचें शरीर त्या मोठ्या मंदिरांत कांचेच्या पेटींत ठेविलें आहे.

आतां एक गोष्ट आमच्याविषयीं. ज्या दिवशीं आम्ही आर्सला गेलों, त्या दिवसांत आमचें मन थकलेलें होतें. येथून मोकळें करावें अशी विनंति बिशपांस करण्याचें आमच्या मनांत घोळत होतें. पत्राचा मसुदा बॅगेंत होता. आपणां कोणाचा दोष नव्हता. पन्नाशी उलटली म्हणजे धर्मगुरूस एखादे वेळीं वाटतें कीं, इतकीं प्रवचनें केलीं, इतकीं वर्षें गेलीं, आणि गांव आहे तेथेंच आहे. त्या जुन्या देवळांत तें लांकडी आसन पाहिलें. फार साधें आहे. सुतारानें अर्ध्या दिवसांत केलें असेल. त्यापुढें आम्ही बराच वेळ गुडघे टेकून होतों. फादर व्हियानी यांस आपण अपुरे आहों असें वाटलें, तें खोटें नव्हतें. प्रत्येक धर्मगुरु अपुराच असतो. पण अपुरेपण हें निघून जाण्याचें कारण नव्हे, हें त्यांस तीन वेळां शिकावें लागलें, आणि तें शिकविलें त्यांच्या धर्मग्रामस्थांनीं. संध्याकाळच्या गाडींत आम्हीं तो मसुदा फाडून टाकिला.

म्हणून महोत्सवाच्या या प्रसंगीं आमचें एवढेंच मागणें आहे. देवळास रंग दिला, नवी घंटा आली, वर्गणी पुरी झाली, याचा आम्हांस आनंद आहे, व आपले आम्ही उपकार मानतों. परंतु आर्सला लोक इमारत पाहण्यास येत नव्हते; मोठी इमारत तर नंतर झाली. ते एका आसनासाठीं येत होते. आपल्या देवळांतहि तसें एक आसन आहे, डावीकडील भिंतीशीं, आणि बहुतेक शनिवारीं आम्ही तेथें एकटेच बसलेले असतों. महोत्सवाच्या आधींच्या शनिवारीं दुपारीं चारपासून, शेवटचा मनुष्य उठून जाईपर्यंत, आम्ही तेथें बसूं. वाट पाहावी लागली तर कंटाळूं नका. आर्सला लोक आठ आठ दिवस थांबत असत.

संत जॉन मारिया व्हियानी आपल्या धर्मग्रामासाठीं, व येथें यापुढें येणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूसाठीं, प्रभूपाशीं विनंति करोत.

आपला, ख्रिस्ताठायीं सेवक,
प्रमुख धर्मगुरु